कडजाईची वाटुली

ढवळमाळाच्या पश्चिम टोकाला माळ एकाएकी संपतो. आधी गवत संपते, मग कातळ लागतो, आणि चार पावलांवर कातळही संपतो. पुढे नुसती हवा. खाली कोकणातल्या शिरवणे गावाची कौले मसुरीची डाळ सांडावी तशी दिसतात. त्या टोकावरून डाव्या हाताला एक वाट कड्याच्या अंगाला चिकटून उतरते. तिची रुंदी एका गाईच्या पोटाएवढी. समोरून दुसरे जनावर आले तर दोघांतल्या एकाने मागे सरायला हवे, आणि गाईला काही मागे सरता येत नाही. तेव्हा एका वेळी एकाच दिशेने जायचे. या वाटेला माळावरचे धनगर आणि खालचे कुणबी, दोघेही एकच नाव घेतात. वाटुली.

हल्ली सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे हा कडा उतरायला येतात. त्यांना कोंडिबा मरगळे उतरवतो. म्हातारा आता सत्तरीच्या पुढे आहे, पण पाय अजून शेळीचे. उतरण्याआधी तो सगळ्यांना कातळावर बसवतो आणि म्हणतो, "हितनं खाली जाईस्तोवर मोठं बोलायचं न्हाई."

पाहुणे लगेच आवाज उतरवतात. कोंडिबा मान हलवतो.

"मोठ्यानं बोला की खुशाल. मोठं बोलू नका. दरी म्हणायचं न्हाई, दरुली म्हणायचं. धोंडा न्हाई, धोंडुला. वाट तर न्हाईच न्हाई. वाटुली."

कोणीतरी हसते. कोंडिबा हसू देतो. मग डोक्याचे मुंडासे सोडून मांडीवर ठेवतो आणि हकीकत सांगायला लागतो. ती त्याने त्याच्या आजीकडून ऐकली, आजीने तिच्या सासूकडून. किती पिढ्यांपूर्वीची, ते कोणालाच सांगता येत नाही.

त्या काळी माळावर धनगरांची एकच वस्ती होती. कारवीच्या कुडाच्या आणि गवताने शाकारलेल्या झोपड्या, पुढे गुरांचे वाडगे, आणि कड्याच्या अगदी काठाला एक झरा. खाली उतरायची खरी वाट पूर्वेला होती. ती माळाला वळसा घालून खिंडीतून उतरे आणि लांबचा फेरा घेऊन शिरवण्यात येई. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचे. कड्याने सरळ उतरायची सोय नव्हती. म्हणजे मध काढणारे लोक एका अरुंद फरावरून, कड्याला सुटलेल्या दगडी पट्टीवरून, कड्याच्या पोटात जात, शेळ्याही जात, पण ती काही वाट नव्हे. तिला नावही नव्हते. कडा मात्र देव होता. त्याला कडजाई म्हणत आणि वर्षातून एकदा झऱ्यापाशी नारळ वाढवत.

या वस्तीत ठमा नावाची सून होती. तिचे माहेर त्याच कड्याच्या दुसऱ्या अंगाला. तिचा बाप मध काढणारा होता, आणि तोही याच फरावरून उतरे. लहानपणी ती बापाबरोबर जाई, दोर आणि मडके धरून. अर्ध्या कड्यापर्यंत बाप तिला नेत असे. तिथे एका खोबणीत तिला बसवायचा आणि स्वतः पुढे पोळ्यांकडे जायचा. एके दिवशी तो पुढे गेला तो परतलाच नाही. पोर त्या खोबणीत बसून राहिली. ऊन कलले, सावली कड्यावर चढली, तेव्हा माहेरच्या माणसांनी हाका मारत येऊन तिला काढले. तिच्या मांडीवर मडके होते आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या, असे सांगतात.

तेव्हापासून ठमाला कड्याची भीती बसली. भीतीसुद्धा अशी की काठाच्या दिशेने नुसते तोंड केले तरी तळहाताला घाम फुटायचा आणि पायांतले बळ कोणी ओढून काढल्यासारखे व्हायचे. झऱ्यावर पाण्याला जाणे रोजचे. तिथे ती सासूबरोबर जाई. सासू गोजाई काठाच्या बाजूला उभी राही आणि सुनेला माळाच्या बाजूने पाणी भरू देई. गोजाई तोंडाने तिखट होती. दुधात पाण्याचा थेंब दिसला तर वस्ती डोक्यावर घ्यायची. पण या एका गोष्टीवरून ती सुनेला कधी टाकून बोलली नाही. ती स्वतः मात्र कड्यावर पाय सोडून बसायची आणि तंबाखू मळत खालच्या गावातल्या चुलींचा धूर बघायची. तिच्याइतकी निधडी बाई माळावर दुसरी नव्हती.

शिमग्याचे दिवस होते. शिरवण्याची पालखी नाचते तेव्हा ढोल वाजवायचा मान वरच्या धनगरांचा. त्यामुळे वस्तीतले सगळे पुरुष तुपाची मडकी घेऊन मोठ्या वाटेने खाली गेले होते. ठमाचा नवरा धाकू त्यांच्यात होता. माळावर राहिल्या त्या बाया, म्हातारी माणसे, पोरे आणि गुरे.

सकाळी ठमा धारेला बसली तर गाय पान्हा सोडीना. दुसरीकडे गेली, तिचेही तेच. तिने मान वर केली. वाडग्यातली सगळी गुरे पूर्वेकडे तोंड करून उभी होती आणि एकही रवंथ करत नव्हते. कळपाची पुढारीण मोरी, जिच्या गळ्यातल्या घाटेच्या, म्हणजे मोठ्या घंटेच्या, आवाजावर बाकीची चालायची, ती दाव्याला हिसके देत होती. ही मोरी ठमाच्या हातची. तिला विताना तिची आई मेली होती, आणि ठमाने कापडाचा बोळा दुधात बुडवून तिला जगवली होती.

ठमा उठली तोच वस्तीच्या मधून एक ससा पळत गेला. कुत्र्यांच्या समोरून गेला आणि कुत्र्यांनी बघितलेसुद्धा नाही. त्यामागून दुसरा, मग एक भेकर. सगळी कड्याकडे चालली होती. मग वास आला.

खिंडीच्या बाजूला वणवा लागला होता. कोणी म्हणते मेंढक्याच्या शेकोटीची ठिणगी उडाली, कोणी म्हणते बांबूवर बांबू घासला. सकाळचा मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, नेमका पाठीशी होता. गवत पापडासारखे वाळलेले. जाळ अजून दिसत नव्हता, नुसती राखाडी भिंत दिसत होती, आणि ती मघापेक्षा जवळ आली होती.

बाया गोळा झाल्या. मोठी वाट गेली हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. एक म्हातारी म्हणाली, दावी कापा, गुरांना त्यांचे नशीब बघू द्या, आपण काठाच्या कातळावर बसू. गोजाईने कातळाकडे बघितले. भोवती उभी कारवी होती, माणसाच्या उंचीची, कडकडीत.

"कातळावर भाजायचं न्हाई आपण," ती म्हणाली. "धुरानंच मरू. आन् गुरं सोडली तर पावसाळ्यात काय दगडं खायाची?"

कोणी ठमाकडे बघितले नाही. ती कोणाची लेक ते सगळ्यांना ठाऊक होते, आणि तिला काय होते तेही ठाऊक होते. तिच्याकडे न बघण्यासाठी बाया आपापल्या पोरांच्या अंगावरची फडकी नीट करत राहिल्या. तेच तिला सोसवले नाही, असे सांगतात.

"मला म्हाईत हाय वाट," ठमा म्हणाली. "निम्म्यापतोर."

"आन् फुडं?" कोणीतरी विचारले.

"फुडची न्हाई."

गोजाईने तिच्या हातात मोरीचे दावे दिले. "निम्म्यापतोर तर चल. फुडचं तिथं बघू."

मग त्या घाईतही गोजाईने सगळे नीट लावून दिले. पुढे ठमा आणि मोरी. मोरीची शेपूट धरून एक बाई, पाठीशी पोर बांधलेली. तिच्या मागे गाय, त्या गाईची शेपूट धरून पुढचे माणूस. असा माणूस आणि जनावर यांचा गोफ गुंफत गेला. शेवटी एक जनावर आणि त्याच्यामागे हाकायला स्वतः गोजाई, हातात काठी. शेवटचे जनावर म्हणजे तिची जुनी गाय कपिली, डोळ्यांनी अधू झालेली. तिला दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला गोजाई तयार झाली नाही.

ठमाने काठावर पाऊल ठेवले तेव्हा तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. मागच्या बाईला ते दिसले आणि त्या बाईने डोळे मिटून घेतले. ठमाने गाल कड्याला लावला. एका हाताने दगड चाचपत, दुसऱ्या हातात दावे धरून ती तिरपी तिरपी सरकू लागली. खाली बघायचे नाही एवढेच तिने ठरवले होते, पण न बघताही खालचे सगळे तिला कळत होते. खालून वर येणारी हवा लुगड्याच्या काठात शिरत होती. घारी तिच्या पायांच्या खाली फिरत होत्या, आणि त्यांच्या ओरडण्याचा आवाज खालून येत होता.

थोडे उतरल्यावर एके ठिकाणी कड्याला पोट सुटले होते. दगड फुगून वाटेवर आला होता. शेळी खालून जाई, माणूस अंग चोरून जाई. गाय जाणार नाही, हे ठमाला तिथे पोहोचल्यावर दिसले. ती स्वतः पलीकडे गेली आणि दावे ओढले. मोरी थांबली. तिने नाक पुढे करून दगड हुंगला आणि पाय रोवले.

मोरी थांबली तशी मागची थांबली, तिच्या मागची थांबली. एकेक घाट गप्प होत गेली. वर कुठेतरी एक पोर रडायला लागले. कड्याच्या माथ्यावरून धूर सांडून खाली येऊ लागला, आणि धुरातून जळत्या गवताचे पुंजके तरंगत खाली आले. मागे फिरायला जागा नव्हती. ठमाने दावे पुन्हा ओढले. गाईचे डोळे पांढरे झाले, आणि तिचा मागचा एक खूर वाटेच्या कडेवरून घसरून पुन्हा जागेवर आला.

त्या वेळी ठमाने कडजाईला नवस केला. तोंडाने नाही, मनात. आई, तू अंग चोर. आज आम्हांला एवढी जागा दे. तुझ्या अंगाला आम्ही कधी पहार लावणार नाही, तुझी वाट कधी मोठी करणार नाही.

नवस केला तरी मोरी हलेना. मग ठमाने दावे सोडून दिले. ओढून काही होणार नाही हे तिला कळले होते. तिने दोन्ही हातांनी गाईचे तोंड धरले, आणि बोळ्याने दूध पाजताना वासराशी बोलायची तसे, आपण काय बोलतो आहोत याचे भान नसताना, ती बोलू लागली.

"मोरुले, ये गं. वाटुली हाय ही. इवलीशी वाटुली. खुरुला उचल. असा. धोंडुला हाय नुसता, त्येला काय भ्यायचं. धुरुला हाय. दरुली हाय खाली, निजलीया बापडी. आपुन जाऊ."

मोरीचे कान हलले. लहानपणापासून ओळखीचा तो आवाज. तिने एक खूर उचलून पुढे ठेवला. मग दुसरा. तिचे पोट त्या फुगलेल्या दगडाला लागले, आणि म्हणे कड्याने अंग चोरले. कोणी म्हणते, गाईनेच पोट आत घेतले. पण त्या जागी आज दगडात एक खळगा आहे, काथवटीच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, नेमका गाईच्या पोटाच्या उंचीवर. तो कोणी घडवलेला नाही. टाकीची एकही खूण त्यावर दाखवता येत नाही.

मोरी गेली तशी बाकीची जाऊ लागली. मोरीची शेपूट धरणाऱ्या बाईने ठमाचे शब्द ऐकले होते. तिने ते मागच्या गाईला सांगितले. त्या गाईच्या मागच्या म्हातारीने पुढे चालवले. वाटुली हाय, वाटुली. असे करत करत ते बोलणे कड्यावर चढत गेले आणि शेवटच्या टोकाला पोहोचले. पाठीवरच्या पोरांना ती गंमत वाटली, तीही बोबडे बोल मिसळू लागली. ठमाच्या ध्यानात आले की आपले गुडघे थांबले आहेत. म्हणून ती बोलायची थांबली नाही.

बापाची खोबण आली. तिथून पुढची वाट तिला ठाऊक नव्हती. बाप कुठून पडला हेही तिला कोणी कधी सांगितले नव्हते. प्रत्येक पावलाला तिला वाटे, हीच ती जागा. तिथे मोरीने नाक खाली घातले आणि शेळ्यांच्या लेंड्यांच्या वासावर ती स्वतःच पुढे झाली. ठमा तिच्या खांद्याला धरून चालली. बोलणे चालूच होते.

खाली शिरवण्यात पालखी थांबली होती. माथ्यावर धूर दिसला तसे ढोल जमिनीवर टाकून पुरुष कड्याच्या पायथ्याशी धावले. धाकू सगळ्यांच्या पुढे. तो चढायला लागला तर समोरून मोरी आली. गाईला ओलांडून वर जाता येत नाही. धाकूला मागे सरून परत पायथ्याला यावे लागले.

"आई?" त्याने ठमाला विचारले.

"मागनं. समद्यांच्या शेवटाला."

मग ते उभे राहिले. करण्यासारखे दुसरे काही नव्हते. जोवर वरून कोणी उतरते आहे तोवर वर जाता येत नाही. धुरातून एक गाय बाहेर यायची, मग एक बाई, मग गाय. ज्याचे माणूस आले तो त्याला मिठी मारायचा आणि लगेच पुन्हा वर बघायचा, कारण दुसऱ्याचे यायचे होते. कोणी घरी गेले नाही. कोणी बसलेही नाही. गोऱ्हे आले, म्हातारी आली, पाठीवर झोपी गेलेले पोर आले. मग एक कालवड आली, तिची शेपूट धरलेली बाई आली, आणि त्यांच्या मागे कोणीच आले नाही. लोक धुराकडे बघत राहिले. एक घाट वाजेल म्हणून कान देऊन राहिले. वाजली नाही.

धाकू निघाला. ठमाने त्याचा हात धरला.

"तुमास्नी वाट म्हाईत न्हाई. मी जाते."

"येकली?"

"दोघं गेलो तर त्यांना घिऊन वळता यायचं न्हाई. तुमी हितंच थांबा."

आणि जी बाई झऱ्यावर एकटी जात नव्हती ती पुन्हा कडा चढू लागली. या खेपेला पुढे गाय नव्हती. तिला चढताना ज्यांनी पाहिले ते सांगत की तिचे ओठ सारखे हलत होते.

गोजाई त्या खळग्याच्या अलीकडे सापडली. फरावर बसली होती, पाठ दगडाला घट्ट लावून, दोन्ही तळवे वाटेवर टेकून. काठी कुठे गेली होती कोण जाणे. माथ्यावरचा जाळ काठापर्यंत आला होता आणि कारवी तडतडत होती. वरून निखारे पडत होते. एक तिच्या पदरावर पडून विझला होता, तिला त्याचा पत्ता नव्हता. ती खाली बघत होती.

"आत्या, चला," ठमा म्हणाली.

"कपिली गेली," गोजाई म्हणाली. "वरनं जळकं झुडूप आलं. ती बुजली. माझ्या म्होरनं गेली, ठमे. शेपूट हातात हुतं माझ्या. सोडलं मी."

"सोडलं ते बरं केलं."

"लई येळ दिसत हुती. खाली जाताना." गोजाईने तळवे आणखी दाबले. "माझं पाय गेलं. तू जा. धाकूला सांग, म्हातारीचं पाय गेलं."

ठमाने आयुष्यात सासूला असे पाहिले नव्हते. तिला काय होते आहे ते मात्र ती पुरते ओळखत होती. तिने सासूला ऊठ म्हटले नाही, धीर धर म्हटले नाही, खाली बघू नको म्हटले नाही. ती समोर उकिडवी बसली आणि तिने सासूचा चेहरा दोन्ही हातांत धरला. सासूला अहो-जाहो करणारी सून त्या घडीला एकेरीवर आली.

"गोजुले," ती म्हणाली, "डोळुले हिकडं कर. माझ्याकडं. वाटुली हाय ही. तुझ्या म्होरं मी हाय. पायुला दे माझ्या हातात. जड न्हाई, इवलासा हाय. दे."

गोजाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून लहान पोरीसारखा आवाज आला, "भ्या वाटतंय गं."

"वाटतंय की. भितुली हाय ती. तिलाबी घिऊन जाऊ."

ठमा उलटी उतरली, तोंड सासूकडे, पाठ दरीकडे. गोजाईचे एकेक पाऊल हाताने धरून तिने वाटेवर ठेवले. दर पावलाला तिने त्या पावलाला नाव दिले, दगडाला नाव दिले, आणि सगळी नावे लहान. पायथ्याशी उभ्या माणसांना धुरातून आधी तिचे बोलणे ऐकू आले आणि मग दोघी दिसल्या. धाकूने आईला उचलून घेतले. ठमा तिथल्या किंजळीच्या झाडाला टेकली आणि मग तिला ओकारी आली.

माळ जळून गेला. पाऊस पडून गेला, पुन्हा गवत उगवले, आणि धनगर पुन्हा वर गेले, कारण गुरांना चारा वरच होता. गोजाई मात्र आपल्या पायांनी जाऊ शकली नाही. तिला मोठ्या वाटेने डोलीत घालून वर नेले. पण रात्री ती उठून बसायची आणि धूर येतोय म्हणायची. कड्याच्या बाजूला तोंड करून भाकरीसुद्धा खाववेना. शेवटी तिनेच सांगितले, मला खाली ठेवा. शिरवणेकरांनी पायथ्याशी किंजळीखाली तिला एक झोपडी बांधून दिली.

तेव्हा पुरुष म्हणाले, कड्याने सरळ उतरता येते तर वाट रुंद करू, पहारी घेऊन लागू, म्हणजे म्हातारीकडे रोज येणे-जाणे होईल. ठमाने आपला नवस सांगितला. पहारी ठेवून दिल्या गेल्या. मग त्याच अरुंद वाटेने ती स्वतः रोज सासूसाठी दूध घेऊन उतरू लागली. तिची भीती गेली असेल असे आपल्याला वाटते. तसे कोणी सांगत नाही. ती रोज भीत होती आणि रोज उतरत होती, असेच सांगतात.

गोजाई ऊन कलले की झोपडीपुढे बसे आणि वर नजर लावी. बाजाराला, लग्नाला, औषधाला जो कोणी उतरे त्याला ती ताक देई आणि एकच प्रश्न विचारी. मागं कोण हाय? तो म्हणे, मागे अमका आहे. मग ती त्या अमक्याची वाट बघे. तो आला की त्याला विचारी, मागं कोण हाय? शेवटचा माणूस आल्याशिवाय ती आत जात नसे, आणि तिला बसलेले सोडून जाणे आलेल्यांनाही बरे वाटत नसे. तेही बसत. तिला काय ऐकायचे असते ते ठमाला उमगले होते. ती शेवटी उतरली की सासूजवळ बसून सांगे, "आत्या, मागं कुणी न्हाई. मागं नुसती वाटुली." मग गोजाई उठे आणि दिवा लावी.

असा तो शब्द खाली रुजला. शिरवण्यात मूल झोपेत दचकून उठले तर आजी सुनेला म्हणते, त्याला जरा वाटुली घाल. म्हणजे त्याची भीती लहान होईल असे काहीतरी त्याच्याशी बोल. लेक सासरी निघताना पाय घुटमळू लागला की आया-बाया तिला घेरून वाटुली घालतात आणि सासरच्या घराला, नदीला, डोंगराला लहान लहान नावे ठेवतात. बाळंतिणीच्या खोलीत घालतात. म्हाताऱ्या माणसाचे काही खरे नाही असे कळले की त्याच्या उशाशी बसूनही घालतात. बाहेरगावच्या माणसाला वाटते, वाटुली म्हणजे लहान वाट. तसा अर्थ आहेच.

कोंडिबा मुंडासे पुन्हा बांधतो आणि पाहुण्यांना एकेक करून पुढे सोडतो. मघा हसणारे आता हसत नाहीत. खळग्याशी आले की प्रत्येक जण तिथे हात टेकवतो, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटल्याशिवाय तिथून फारसे कोणी जात नाही.

आजही वाटुली एका गाईएवढीच आहे. आजही पायथ्याला शिरवण्याची कोणी ना कोणी बाई ताकाचे भांडे घेऊन बसलेली असते. उतरलेल्या पाहुण्यांना घाई असते, त्यांची गाडी गावात उभी असते. ती त्यांच्या हातात पेला देते आणि विचारते, मागं कोण हाय? ते म्हणतात, म्हाताराबाबा आहेत. "मग बसा," ती म्हणते. आणि ते बसतात, धुळीच्या पायांनी, माना वर करून. कड्याच्या अंगावरून एक म्हातारा दगडाला हात लावत लावत सावकाश उतरत असतो. तो येतो, ताक पितो, मिश्या पुसतो. बाई त्यालाही विचारते.

"मागं नुसती वाटुली," कोंडिबा म्हणतो, आणि सगळे उठतात.